मैदान सुटल्यानंतरचा खेळाडू

वसई तालुक्याच्या पश्चिमेस, समुद्रालगत वसलेले भुईगाव हे वाड्या-बागायतींचे गाव. तेथील मुले महाविद्यालयीन शिक्षणासाठी वसईस जातात, किंवा लोकल गाठून मुंबईची वाट धरतात. त्यांतील एखादा उंच, चपळ मुलगा महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात निवडला गेला म्हणजे तीन वर्षे त्याचे कौतुक होते. सूचनाफलकावर त्याचे नाव येते आणि करंडकासह काढलेले छायाचित्र कार्यालयाच्या भिंतीवर लागते. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपते आणि हे सारे थांबते. त्याची पदवी पूर्ण झाली की एखादा विषय राहून गेला, दुखावलेला गुडघा बरा झाला काय, पोटापाण्याची सोय लागली काय, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या महाविद्यालयाच्या दप्तरी बहुधा सापडावयाची नाहीत.

हा प्रश्न सर्वच खेळांचा असला, तरी बास्केटबॉलच्या बाबतीत तो अधिक तीव्र आहे. या खेळाचा जन्मच मुळी शिक्षणसंस्थेतला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छताखाली खेळता यावे म्हणून तो शोधून काढला. आपल्याकडेही वाय.एम.सी.ए., शाळा आणि महाविद्यालये यांनीच तो रुजवला. मुंबईतील नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा भारतीय कर्णधार दिला, हे खरे. परंतु असा अपवाद म्हणजे राजमार्ग नव्हे. कबड्डीला २०१४ पासून व्यावसायिक लीगचा आधार मिळाला, तसा स्थिर आधार बास्केटबॉलला अद्याप लाभलेला नाही. महाविद्यालयाबाहेर पडलेल्या खेळाडूपुढे रेल्वे, पोलीस, सेनादले आणि काही सार्वजनिक उपक्रम एवढीच दारे उरतात.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. तथापि त्याचा लाभ ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत प्रावीण्य मिळवणाऱ्यांनाच होतो. विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांपर्यंत पोचून थांबलेल्या मुलाचे प्रमाणपत्र तेथे उपयोगी पडत नाही, आणि बहुसंख्य खेळाडू असेच असतात.

पदक मिळवणाऱ्यांचीही उपेक्षा कशी होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे, म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. निवृत्तीनंतर मात्र त्यांना निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ऑलिंपिकवीराची ही कथा, तर विभागीय सामन्यातील खेळाडूची विचारपूस कोण करणार?

ज्या देशात हा खेळ जन्मला, तेथेही महाविद्यालयीन बास्केटबॉलचा थाट मोठा आणि पदवी हाती न लागता बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संख्याही मोठी होती. १९९० साली तेथे एक कायदा झाला. क्रीडा शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या शिष्यवृत्तिधारक खेळाडूंपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली, हे खेळवार जाहीर करावे, असे बंधन त्याने घातले. या कायद्याच्या पुरस्कर्त्यांत सिनेटर बिल ब्रॅडली आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य टॉम मॅकमिलन होते, आणि दोघेही महाविद्यालयीन बास्केटबॉलमधूनच पुढे आलेले होते. कायद्याने सारे दोष नाहीसे झाले नाहीत. पण झाकून ठेवलेला आकडा उघड झाला, आणि पालकांना प्रवेशापूर्वी तो विचारता येऊ लागला.

आपल्याकडे असा आकडा काढणे मुळीच अवघड नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये विद्यार्थ्यांनी मिळवलेली पदके मोजत आली आहेत आणि नोकरीस लागलेले विद्यार्थीही मोजत आली आहेत. मात्र पदक मिळवणाऱ्यांपैकी नोकरीस किती लागले, हे पाहण्यासाठी या दोन याद्या शेजारी ठेवल्या जात नाहीत. त्यासाठी एक साधी नोंदवही पुरे: नाव, खेळ, पदवीचा निकाल, झालेली दुखापत आणि पाच वर्षांनंतरचा व्यवसाय. माहिती संबंधिताच्या संमतीने घ्यावी आणि नावे न देता एकूण आकडे वार्षिक अहवालात छापावेत. आधीच कागदपत्रांनी वाकलेल्या शिक्षकांवर आणि लिपिकांवर हा आणखी एक भार, अशी तक्रार होईल व ती सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु एका संघात खेळाडू बाराच्या आसपास असतात. वर्षाकाठी तेवढ्या मुलांची चौकशी करणे म्हणजे एका दुपारचे काम.

या चौकशीतून कोणाला राहिलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा देण्याची वाट दाखवता येईल, कोणाला शारीरिक शिक्षणाच्या पदविकेकडे वळवता येईल. नव्याने संघात येणाऱ्या मुलाला आधीच्या मुलांचे पुढे काय झाले हे आरंभीच सांगता येईल, आणि त्यामुळे त्याला सरावाबरोबर अभ्यासाचीही वेळ राखण्याची बुद्धी होईल. भुईगावच्या वाडीत राबणारे आईबाप मुलाला महाविद्यालयात पाठवतात, ते केवळ संस्थेच्या कपाटात करंडक वाढावा म्हणून नव्हे. तीन वर्षे ज्याच्या घामावर संस्थेने नाव मिळवले, त्याची चौथ्या वर्षी विचारपूस करणे हे तिचे कर्तव्यच होय.