निपाहबद्दल लोक विचारतात ते प्रश्न

केरळात निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की आमच्या शाळेत दोन-चार दिवस दुसरा विषय नसतो. आम्ही काही डॉक्टर नाही. पण उर्दू आणि मराठी दोन्ही वाचतो, म्हणून मोहल्ल्यातली माणसं मोबाईल हातात घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आम्ही जाणकारांना विचारून, वाचून जमवली. त्यातली काही इथे देत आहोत.

एका पालकाने पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, हा रोग डुकरापासून होतो ना? मग आपल्याला कसली काळजी?” हा गैरसमज आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो. 1998-99 मध्ये मलेशियात हा रोग प्रथम दिसला, तेव्हा तो मुख्यतः डुकरं पाळणाऱ्यांना झाला, हे खरं. सुंगाई निपाह या गावावरून विषाणूचं नाव पडलं. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. पण डुकरांना तो मिळाला होता फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांकडून. बांगलादेशात तर मध्ये डुक्कर नाहीच. तिथे रसासाठी रात्री खजुरीच्या झाडाला मडकं बांधतात. वटवाघूळ येऊन रस चाटतं, त्याची लाळ आणि मूत्र त्यात पडतं, आणि पहाटे तो कच्चा रस लोक पितात.

खजुराचं नाव निघालं की लगेच इफ्तारची चिंता. तर रस वेगळा आणि खजूर वेगळा. खजूर धुऊन खायला हरकत नाही. पक्ष्याने किंवा प्राण्याने कुरतडलेलं, झाडाखाली पडलेलं फळ मात्र मुलांना उचलू देऊ नका. कुरतडलेला भाग कापून उरलेला पेरू खाणं हा आपल्याकडचा जुना रिवाज, तो सोडावा. बाजारची चांगली फळं धुऊन, साल काढून खा.

“आपल्याकडे आहे का?” मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या काही वटवाघळांमध्ये या विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळल्या. 2021 मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्रात माणसाला लागण झाल्याची नोंद नव्हती. शाळेमागच्या चिंचेवर वटवाघळं लटकतात, ती चिंच तोडावी असं काहींचं म्हणणं पडलं. आम्ही विरोध केला. हुसकावलेली वटवाघळं दुसरीकडे वस्ती करतात, आणि डिवचल्यावर धोका उलट वाढतो.

आता मुख्य प्रश्न. हा कोरोनासारखा हवेतून पसरतो का? तसा नाही. बहुतेक रुग्णांकडून दुसऱ्या कुणालाच लागण होत नाही. होते ती अगदी जवळ असणाऱ्यांना: थुंकी, खोकला, उलटी, लघवी यांच्या संपर्कातून. 2018 साली कोझिकोड आणि मलप्पुरमला पहिल्या रुग्णानंतरच्या लोकांना लागण झाली ती मुख्यतः रुग्णालयांतच. कुणी शुश्रूषा करत होतं, कुणी त्याच जागेत आपल्या नातेवाइकाजवळ बसलं होतं. लिनी पुथुसेरी ही परिचारिका सेवा करतानाच गेली. प्रयोगशाळेत खात्री झालेल्या 18 जणांपैकी फक्त 2 वाचले.

म्हणून आम्हाला फळांच्या गाडीपेक्षा आपल्या अयादतची काळजी जास्त वाटते. आपल्याकडे कुणी दवाखान्यात दाखल झालं की अख्खं खानदान पोहोचतं. खाला कपाळावर हात ठेवते, मामू उरलेलं सरबत पिऊन टाकतात, लहान मुलं पलंगावर चढतात. यामागचं प्रेम आम्ही जाणतो. पण ताप, डोकेदुखी, उलट्या, त्यातच गुंगी, बरळणं, झटके किंवा धाप दिसली, तर रुग्णाजवळ एकच धडधाकट माणूस राहू द्या. त्याने मास्क आणि हातमोजे वापरावेत, हात साबणाने धुवावेत. साबणाने हा विषाणू मरतो. रुग्णाची भांडी आणि चादरी वेगळ्या ठेवा. बाकीच्यांनी फोनवर विचारपूस करावी, दुआ करावी, डबा दारापर्यंत पोहोचवावा.

याची खास लस अजून बाजारात नाही, खात्रीचं औषधही नाही. म्हणून “दोन दिवस बघू” म्हणत घरी ठेवू नका. डॉक्टरांना तुम्ही अलीकडे कुठून आलात हेही सांगा. लक्षणं बहुधा 4 ते 14 दिवसांत दिसतात, त्यामुळे रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना घरीच थांबायला सांगतात. ते ऐकावं. साथीच्या गावात जाऊ नये, तिथून निघूही नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही. हजरत उमर रजि. शामच्या वाटेवरून माघारी फिरले होते, हे मुलांना आम्ही दरवर्षी शिकवतो.

एका म्हाताऱ्या आपांनी सगळे उठून गेल्यावर हळूच विचारलं, “आणि मय्यतीला गुस्ल?” मृतदेहापासूनही लागण होऊ शकते, म्हणून नेहमीसारखं गुस्ल देणं, मय्यतीचं चुंबन घेणं टाळायला सांगतात. दफन आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली होतं. पाण्याने गुस्ल शक्य नसेल तर तयम्मुमची सवलत फिक्हमध्ये आहे. तुमच्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण विचारताना डॉक्टरांनी काय सांगितलं तेही त्यांच्यासमोर ठेवा. आपांनी थोडा वेळ विचार केला, मग म्हणाल्या, “जनाजाची नमाज तर होईल ना?” होईल, आम्ही म्हणालो, अंतर ठेवून होईल.