रुंद टायर आणि जुनी जीप

नाशिक रोडला बिटको चौकात घटकाभर उभे राहिले, तर एखादी जुनी जीप मागे जाडजूड टायर चढवून ऐटीत जाताना दिसते. टायर रुंद म्हणजे पकड भक्कम, असे पाहणाऱ्यास वाटते. हा समज कितपत खरा आहे?

ही हौस मूळची अमेरिकेतली. १९६४ साली निघालेल्या पाँटिॲक जीटीओसारख्या मोटारींत दणकट एंजिनाचा सारा जोर मागच्या दोन चाकांवर येई. गाडी जोरात सुटली की तिचा भारही मागे झुकतो. ती चाके जागच्या जागी गरगरू नयेत, म्हणून तेथे रुंद टायरांना अर्थ होता.

आता थोडा हिशेब करू. गाडीचा भार मुख्यतः टायरातील हवा उचलते. एका चाकावर ३०० किलो भार आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर सुमारे १५० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकते. दाब तोच ठेवून टायर रुंद केला, तर हा तुकडा फारसा वाढत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीत तोकडा होतो. रुंद टायरात हवा कमी ठेवता येते, म्हणून तो वाळूत रुतत नाही, हे खरे. पण पावसात रस्त्यावरचे पाणी सारणे अरुंद टायरासच सोपे जाते. रुंद टायर वेगात पाण्यावर लवकर तरंगू लागतो, आणि मग ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते.

जीपची गोष्ट आणखी निराळी. तिचा मूळ टायर ६ इंची, १६ इंची रिमवरचा. व्यास सुमारे ७११ मिलिमीटर. मागे २३५/७० आर १६ मापाचा टायर घातला, तर व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर होतो. म्हणजे १०० मीटरांत मागचे चाक पुढच्यापेक्षा जवळजवळ दीड फेरा कमी फिरते. जोर मागच्या दोनच चाकांना असेल तोवर हे खपून जाते. चारही चाकांना जोर दिला, की पुढचे व मागचे आस गिअरने एकमेकांशी जखडले जातात. चिखलात चाके घसरून फरक मिटवतात. कोरड्या डांबरावर तशी सोय नाही. तो ताण गिअरच्या दातांवर साठतो. दात तुटायचा तो कसाऱ्याच्या घाटात तुटला, तर आत बसलेल्यांचे काय?

शिवाय रुंद टायरास रिमही रुंद लागते. ती आत सरकली तर टायर कमानपाट्यास घासतो. बाहेर आली तर बेअरिंगवर जादा भार येतो. कायदाही येथे आडवा येतो: मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ मापांपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

तेव्हा टायर बदलायचेच असतील, तर उत्पादकास मान्य असलेले, चारही एकाच मापाचे घ्यावेत, आणि बसवण्यापूर्वी दुकानातच टेपने मोजून पाहावेत.