फळीवर उभे राहणारे चर्च

चर्च म्हटले, की मुंबईकराला वांद्र्याचे माऊंट मेरी आठवते. मेणबत्त्या, फुलांचे हार आणि मूर्ती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड परिसरातील केरळी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींच्या चर्चमध्ये मात्र मूर्ती सहसा आढळत नाही. समोर दिसतो तो वेदीवरचा पडदा. प्रार्थनेच्या ठरावीक टप्प्यांवर तो सरतो आणि पुन्हा मिटतो.

हे मलंकारा चर्च इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे भावंड. इ. स. ४५१च्या काल्सेडॉन परिषदेचे निर्णय अमान्य करणाऱ्या पौर्वात्य परंपरेत दोन्ही मोडतात. साहजिकच वास्तूचे नियमही जुळतात. रस्ता कुठेही असो, उपासकांचे तोंड पूर्वेकडे हवे. गाभारा उंचावर, स्त्री-पुरुष दोन बाजूंना. कॉप्टिक चर्चमध्ये गाभाऱ्यापुढे कोरीव लाकडी जाळी असते व तिच्यावर संतांची चित्रे; केरळी परंपरेने पडद्यावर भागवले.

पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या समाजाला हे सारे एकदम कसे जमावे? उत्तर एका लाकडी फळीत आहे. बिशपने पवित्र तेलाने अभिषेक केलेली ही फळी, सिरियाक भाषेत ‘तबलीता’, ज्या मेजावर ठेवावी ती वेदी होते. भाड्याचे सभागृहही मग चालते. अभिषेक न झालेल्या वेदीसाठी कॉप्टिक मंडळीही अशीच फळी वापरतात. उपनगरात जागेची चणचण असताना ही सोय किती मोलाची, हे सांगायला नको.

चित्रांची गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेलेल्या कॉप्टिक कुटुंबांनी अनेक ठिकाणी जुनी प्रॉटेस्टंट चर्च विकत घेतली आणि आत आपली जाळी बसवली. तीवरील चित्रांना नवे वळण दिले ते आयझॅक फानूस (१९१९-२००७) यांनी. पॅरिसमध्ये शिकलेल्या या चित्रकाराने टपोरे डोळे आणि भौमितिक रेषा ही जुनी खूण नव्याने घडवली. परक्या मुलखात वाढणाऱ्या, कॉप्टिक भाषा न कळणाऱ्या मुलांना ही चित्रेच धडा देतात.

उपनगरांतील केरळी चर्चला अशी चित्रशाळा लाभली नाही, ही उणीवच. त्यांची खूण वेगळी आहे: माथ्यावर क्रूस असलेली पितळी समई. मराठी शेजाऱ्याला ती परकी वाटत नाही.