दुकानाचा फळा आपल्याच भिंतीवर : कमी विजेवर चालणारा घरचा वेब सर्व्हर

पिंपळगाव बसवंतला कापडाचा धंदा करताना आम्ही मालेगावच्या यंत्रमागांवरून माल उचलतो आणि आसपासच्या खेड्यांतील किरकोळ दुकानदारांना देतो. पूर्वी नमुन्यांचे तुकडे वहीत चिकटवून ती वही गावोगाव फिरवीत असू. आता जो तो मोबाईलवर फोटो मागतो. म्हणून आम्हीही एका कंपनीच्या मोफत पानावर तीन वर्षे फोटो आणि भाव टाकत गेलो. एका रमजानमध्ये, ऐन ईदच्या खरेदीच्या दिवसांत, ते पान एकाएकी बंद झाले. विचारणा केली तर ठरीव मजकुराचे उत्तर आले. माणूस काही भेटला नाही. तीन वर्षांचे फोटो गेले. त्या ईदला माळ्यावरची जुनी वही पुन्हा खाली काढली. चूक आमचीही होती. परक्याच्या ओट्यावर माल मांडला आणि एकही नक्कल घरी ठेवली नाही.

त्यानंतर आम्ही स्वतःचा लहानसा वेब सर्व्हर बसविला. त्याची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना व्हावी म्हणून हा लेख.

सर्व्हर या शब्दाने घाबरण्याचे कारण नाही. जो संगणक सतत चालू राहतो आणि कोणी मागितले की आपल्याजवळचे पान पाठवून देतो, तो सर्व्हर. जगातील पहिला वेब सर्व्हर म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा नेक्स्ट कंपनीचा एक संगणक होता. १९९० च्या अखेरीस तो सुरू झाला. त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. आमच्याकडेही तशी चिठ्ठी लावावी लागली, कारण दुकानातील पोरगा रात्री तीच पिन काढून आपला मोबाईल चार्जिंगला लावीत असे.

आता यंत्राविषयी. नमुन्याचे फोटो आणि भाव दाखवायला मोठा संगणक लागत नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथून २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचे पत्त्याच्या कॅटएवढे संगणकाचे कार्ड बाजारात आले. त्यातीलच झिरो टू डब्ल्यू हा धाकटा प्रकार ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ डॉलर किमतीला निघाला. आपल्याकडे कर धरून ते महाग पडते. शिवाय मेमरी कार्ड, अडॅप्टर आणि डबी वेगळी घ्यावी लागते. तरीही कर्ज काढण्याजोगा हा खर्च नव्हे. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप अडगळीत पडला आहे त्यांनी आधी तोच वापरून पाहावा. त्याची बॅटरी वीज गेल्यावर उपयोगी पडते. मात्र ती फुगलेली असेल तर तो लॅपटॉप लावू नये.

विजेचा हिशेब बांधवांनी स्वतः करून पाहावा. हे लहान कार्ड सरासरी २ वॅट घेते असे धरले, तर वर्षभर रात्रंदिवस चालून साडेसतरा युनिट होतात. ८० वॅटचा टेबलावरचा संगणक तसाच चालू ठेवला तर सातशे युनिट. आपण ज्याला झिरोचा बल्ब म्हणतो तो जुना बल्बदेखील १५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या वर युनिट. खरे बोलायचे तर इंटरनेटचा राऊटर त्या कार्डापेक्षा जास्त वीज घेतो; पण तो बहुतेकांच्या दुकानात आधीच चालू असतो.

आज्ञावलीला पैसे पडत नाहीत. लिनक्स फुकट आहे. पाने वाटण्याचे काम करणारा एन्जिनएक्स हा कार्यक्रम रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला, तोही फुकट. दुसऱ्या संगणकावरून मेमरी कार्डावर लिनक्स उतरवावे, वायफायचे नाव घालावे आणि स्वतःचा पासवर्ड ठरवावा. पूर्वी या यंत्रांत सर्वांना एकच ठरलेले नाव आणि एकच ठरलेला पासवर्ड असे. त्यामुळे चोराला दार उघडेच सापडे. एप्रिल २०२२ पासून ती पद्धत बंद झाली. पहिले काही दिवस पान फक्त दुकानातल्या वायफायवर पाहावे. आमच्या गाद्यांवर बसलेले गिऱ्हाईक इंटरनेट बंद असतानाही भाव पाहू शकते, एवढाही उपयोग लहान नाही.

फोटो लहान करूनच चढवावेत. मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो; पोत आणि रंग दिसण्यासाठी दीडशे केबी पुरतात. नाहीतर वीस नमुने उघडता उघडता खेड्यातला दुकानदार कंटाळून जातो.

खरी अडचण पुढे येते, ती बाहेरच्या लोकांना आत आणण्याची. इंटरनेटच्या कंपन्या पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. मोठ्या वाड्यात दहा भाडेकरू आणि दारावर नाव फक्त मालकाचे, तसा प्रकार. पोस्टमन वाड्यापर्यंत येतो, पण आमची खोली त्याला सापडत नाही. यावर एक उपाय म्हणजे पैसे भरून कायमचा पत्ता घेणे. दुसरा उपाय बोगद्याचा. आमचे यंत्र स्वतःच बाहेर जाऊन एका मध्यस्थाशी संपर्क उघडा ठेवते आणि गिऱ्हाईक त्या मध्यस्थाच्या दारातून आमच्याकडे येते. क्लाउडफ्लेअर ही कंपनी अशी सोय विनामूल्य देते. म्हणजे पुन्हा आडत्या आलाच, असे कोणी म्हणेल. म्हणणे बरोबर आहे. फरक इतकाच की आता माल आमच्या गोदामात आहे. आडत्याने उद्या दार लावले तर दुसरा शोधता येतो, फोटो जात नाहीत. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू देतात की नाही, हे मात्र आपल्या कंपनीच्या अटींत आधी वाचून घ्यावे.

दुकानाचे नाव नोंदवायला दरवर्षी फी लागते. ती तारीख चुकली तर नाव जाते, म्हणून ती आम्ही भाडेपट्ट्याच्या तारखांच्या वहीतच लिहून ठेवली आहे. ‘डॉट इन’ नाव घेता येते; २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ आणि उर्दू लिपीतही नाव मिळू शकते. दारावरच्या कुलपाचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. त्याची मुदत थोडी असते, पण यंत्र ते आपोआप नवे करून घेते.

भाषेबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे आम्ही फसलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि मालेगावचे बरेच विणकर उर्दूच वाचतात. म्हणून भावाचे पत्रक मराठीत आणि उर्दूत दोन्ही केले. आमचा उर्दू मजकूर इनपेजमध्ये केलेला होता. तो जसाच्या तसा वेबवर चालत नाही, युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. मोबाईलवर उर्दू बहुधा नस्ख वळणात उमटते. नस्तालीक हवे तर पानाबरोबर फाँट द्यावा लागतो आणि पान जड होते. आम्ही फक्त मथळे नस्तालीकमध्ये ठेवले. पण मोठा घोटाळा आकड्यांचा झाला. उर्दू शब्दापुढे आडवी रेघ देऊन ‘१२०-१५०’ लिहिले की पानावर ते ‘१५०-१२०’ असे दिसते, कारण ओळ उजवीकडून डावीकडे चालते. तारखेचेही तसेच. १२-५ ची डिलिव्हरी एका कारखानदाराने ५-१२ वाचली आणि निवांत बसून राहिला. आता आम्ही आकड्यांमध्ये रेघ न देता ‘से’ हा शब्द लिहितो आणि महिन्याचे नाव अक्षरात देतो.

या पानावर काय ठेवू नये तेही सांगितले पाहिजे. नमुना, पन्हा, ताक्यातील मीटर, ठोक भाव, दुकानाचा पत्ता आणि वेळ एवढेच ठेवावे. उधारीचे खाते, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, आधारच्या नकला त्या यंत्रावर मुळीच नकोत. गिऱ्हाइकाची माहिती ही अमानत आहे, आणि रस्त्यावर उघडणाऱ्या खोलीत कोणी अमानत ठेवीत नाही. यंत्रावरची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. हे काम ज्याला नियमाने जमणार नाही त्याने या भानगडीत पडू नये.

वीज अचानक गेली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकते. आमचे पहिले कार्ड असेच पावसाळ्यात गेले. आता राऊटरला आणि यंत्राला मिळून एक छोटा यूपीएस लावला आहे आणि कार्ड चांगल्या प्रतीचे घेतले आहे. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजसाठी दुकान बंद करण्याआधी सर्व फोटो आणि पाने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो. ती पेन ड्राइव्ह दुकानात ठेवीत नाही, घरी नेतो.