कान सोनाराने टोचावा, गाठ मात्र डॉक्टरांकडेच न्यावी
(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण)

आज कानाच्या पाळीवर येणाऱ्या गाठीबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणतं मांस वाढलं, कुणी म्हणतं कानाला गाठ आली. डॉक्टर तिला केलॉइड म्हणतात.

आधी एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही. पूजेच्या साहित्याचं दुकान असलेल्या घरातली, कॉलेजला जाणारी मुलगी. कानाला एक भोक बारशाच्या वेळीच पाडलेलं. मैत्रिणींनी दुसरं पाडलं म्हणून हिनेही यात्रेतल्या एका स्टॉलवर बंदुकीसारख्या यंत्राने त्याच्या वर दुसरं भोक पाडून घेतलं. महिनाभर ठणकलं, मग बरं झालं. चार-पाच महिन्यांनी त्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा आला. वर्षभरात तो हरभऱ्याएवढा झाला. सारखी खाज यायची.

घरात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. सगळ्यांचा जीव वरखाली. आजी म्हणाली, घोड्याचा केस बांध, आपोआप गळून पडेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, बिब्बा लाव. कुणी म्हणालं, मुलीला साडेसाती लागली आहे. केस बांधला, तर पाळी सुजून पू झाला. मग एका दुपारी घरात कुणी नसताना तिने आरशात बघून ब्लेडने ती गाठ स्वतःच कापली. रक्त थांबेना. हळद भरून, फडकं दाबून कसंबसं थांबवलं. पंधरा-वीस दिवसांत जखम भरली, कान स्वच्छ दिसायला लागला. घरच्यांना वाटलं, सुटली पोर. पण सहा महिन्यांच्या आत गाठ परत आली. या वेळी बोराएवढी, आणि पाळीच्या मागच्या बाजूलाही.

त्या मुलीने आळस केला नव्हता, की अस्वच्छता ठेवली नव्हती. मग असं का झालं?

गाठ का येते?

घराच्या भिंतीला भोक पडलं तर आपण गवंडी बोलावतो. तो भोक बुजवतो आणि थांबतो. आपल्या कातडीतही असेच गवंडी असतात. जखम झाली की त्या पेशी कामाला लागतात आणि कोलॅजेन नावाचे चिवट धागे विणून जखम भरतात. भरली की थांबतात. पण काही माणसांच्या कातडीत हे गवंडी थांबतच नाहीत. भोक बुजलं तरी थरावर थर रचत राहतात. तीच ही गाठ.

साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीतच राहतो आणि पुष्कळदा काही महिन्यांनी बसतो. केलॉइड जखमेची हद्द ओलांडून बाहेर पसरतं आणि सहसा आपणहून जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं, ते खेकड्याच्या नांग्यांवरून. ओढ्यातला खेकडा आठवा, म्हणजे नाव का दिलं ते कळेल.

ही गाठ साधारण १० ते ३० या वयात जास्त दिसते. सावळ्या, काळ्या वर्णाच्या लोकांत जास्त दिसते. आई, मावशी, भाऊ यांच्यापैकी कुणाला असेल तर आपल्याला होण्याचा संभव वाढतो. कानाची पाळी, छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि जबड्याची कड या तिच्या आवडत्या जागा. गाठ लगेच येत नाही. जखम भरल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही येते.

ती कर्करोग नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे लागत नाही. आणि साडेसाती असो की नसो, गाठीचं कारण कातडीच्या घडणीत आहे. मुलीच्या नशिबाला किंवा वागण्याला दोष देऊ नका.

घरचे उपाय का फसतात?

गाठ येते ती जखमेमुळे. म्हणजे गाठ काढायला आपण घरी जे जे करतो, ती त्या कातडीला नवी जखमच असते. थांबलेल्या गवंड्याला आपण पुन्हा हाक मारतो.

दोरा किंवा घोड्याचा केस बांधणे. देठावर लोंबणारं बारीक मस असं गळून पडल्याचं आपण ऐकलेलं असतं, म्हणून गाठीलाही तेच करतो. पण केलॉइडचं बूड रुंद असतं आणि ते पाळीच्या आत मुरलेलं असतं. दोऱ्याने वरचा भाग सडतो, पू होतो, बूड तसंच राहतं.

बिब्बा, रुईचा चीक, चुना. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, कधी अख्खा चेहरा सुजतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. चुन्यानेही कातडी जळते. भाजलेल्या जागेवर केलॉइड हमखास जोर धरू शकतं. चामखीळ जाळायचं दुकानातलं औषध आणि व्हिनेगर यांचीही गत तीच.

ब्लेडने कापणे किंवा सुईने फोडणे. आत पाणी नसतं की पू नसतो, घट्ट धागे असतात. त्यामुळे फोडून काही निघत नाही. नुसतं कापलं आणि पुढचे उपचार केले नाहीत, तर डॉक्टरांनी कापलेली गाठही परत येते. वैद्यकीय पुस्तकांत हे प्रमाण ४५ ते १०० टक्के दिलेलं असतं. डॉक्टरांच्या स्वच्छ सुरीने हे होतं, तर आपल्या ब्लेडचं काय सांगावं? वर धनुर्वाताचा धोका वेगळाच.

तेल, लसूण, हळद चोळणे. शनिदेवाला आपण श्रद्धेने तेल वाहतो. पण कुठलंही तेल कातडीतून आत मुरून गाठ विरघळवत नाही. लसूण ठेचून बांधली तर कातडी भाजते.

आपल्या शिंगणापूरच्या घरांना दारं न लावण्याची परंपरा साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण शरीराला मात्र दार लागतं. ते दार म्हणजे कातडी. ती आपल्या हाताने उघडली की जंतू आत येतात.

डॉक्टर काय करतात?

सगळ्यात नेहमीचा उपचार म्हणजे गाठीतच दिलं जाणारं इंजेक्शन. त्यात ट्रायअ‍ॅमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड औषध असतं. ते गवंड्यांचं काम मंदावतं. साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या अंतराने अशी अनेक इंजेक्शनं लागतात. टोचताना दुखतं. त्या जागेची कातडी फिकी किंवा पातळ होऊ शकते. काही बायकांची मासिक पाळी मागेपुढे होते. मधुमेह असेल तर साखर वाढू शकते. म्हणून मधुमेह असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगायचं. गरोदरपणात गाठ वाढूही शकते, तेव्हा घाबरून घरी काही करू नका.

दुसरा उपचार म्हणजे अतिशय थंड द्रव नायट्रोजनने गाठ गोठवणे. त्यानंतर जागा पांढुरकी राहू शकते. गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रिया करतात, पण तिच्या जोडीला इंजेक्शनं, दाब देणारी क्लिप किंवा काही जणांना किरणोपचार देतात. दाबाची क्लिप दिवसातले बरेच तास, निदान सहा महिने लावावी लागते. ताज्या व्रणावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी लावायला देतात. तीही रोज १२ तासांहून जास्त, काही महिने. हे कंटाळवाणं आहे, पण इथेच बहुतेक जणी चुकतात. गाठ बसलेली दिसली की जाणं बंद करतात, आणि ती परत येते.

मलमाची नळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. जाड गाठीच्या आत मलम पोचत नाही, आणि स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लागत राहिलं तर कातडी खराब होते.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. आशाताईंना विचारा. तिथून अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं. विळद घाटात आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे. तिथे त्वचारोग विभागात दाखवा. पहिल्याच भेटीत विचारून घ्या : किती वेळा यावं लागेल, दर वेळी खर्च किती, आणि गाठ परत आली तर काय करायचं?

कानावरची प्रत्येक गाठ केलॉइड नसते. टोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत भोकाशी लाल, ओलसर, चटकन रक्त येणारा फोड येतो, तो वेगळा. मऊ, मध्ये काळा ठिपका असलेली गाठ वेगळी. आणि कान न टोचता पाळ्या जाड झाल्या, त्यावर गाठी आल्या, अंगावर बधिर चट्टे असले, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत आणि रोग पूर्ण बरा होतो. हा फरक घरी आरशात बघून कळत नाही, म्हणूनही दाखवायचं.

घरी काही करून बसला असाल तर

लपवू नका. बांधलेला दोरा, केस काढता येत असेल तर काढा. जागा साबण-पाण्याने धुवा. आणखी काही लावू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं १० ते १५ मिनिटं न उचलता दाबून धरा. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा आणि काय लावलं, कशाने कापलं, ते खरं सांगा. कान लाल, गरम झाला, सूज वरच्या कडक भागाकडे सरकली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी जा. वरच्या कुर्च्येत जंतू गेले तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

पुढच्या लेकीसाठी

कान टोचणं आपल्याकडे फार जुनं. सुश्रुतसंहितेत त्यावर वेगळा अध्याय आहे. पाळी ताणून उन्हात धरावी आणि जिथून उजेड दिसतो तिथेच टोचावं, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे जागा आणि हात जाणता हवा, हे तेव्हाही माहीत होतं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ११ वर्षांच्या आत टोचलेल्या कानांपेक्षा नंतर टोचलेल्या कानांना केलॉइड जास्त आढळलं. आपली बारशाची रीत या बाबतीत बरीच. फक्त तार नवी, निर्जंतुक हवी, हात धुतलेले हवेत.

घरात कुणाला अशी गाठ असेल, किंवा मुलीच्या दंडावर लसीच्या जागी, पुरळाच्या व्रणावर जाड गाठ आली असेल, तर दुसरं भोक, बुगडीचं भोक, नाक टोचणं टाळा. लस मात्र कधीच टाळायची नाही. जड झुब्यांनी पाळी फाटली असेल आणि शिवून घ्यायची असेल, किंवा सिझेरियन, दुसरं कुठलं ऑपरेशन असेल, तर माझी कातडी अशी आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.

आता त्या मुलीचं सांगते. ती शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. शस्त्रक्रिया, मग महिन्या-महिन्याने इंजेक्शनं, रात्रंदिवस क्लिप. वर्ष गेलं. गाठ बसली आहे. जागेवर फिका डाग राहिला आहे आणि वरचं भोक बुजलं आहे. तिला अजूनही अधूनमधून दाखवायला जावं लागतं. पण ती आता केस मागे बांधून दुकानात बसते. हरभऱ्याएवढी असतानाच गेली असती, तर कदाचित नुसत्या इंजेक्शनांवर भागलं असतं.

तेव्हा सख्यांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. हप्ते जमा झाले की पाच मिनिटं हा विषय काढा. कुणाच्या घरी केसाखाली, ओढणीखाली अशी गाठ लपवलेली मुलगी असेल, तर तिला सोबत घेऊन जा. एकटीला पाठवू नका. वर्षभराची वाट आहे, कुणीतरी बरोबर असलं की ती चालवते. कान सोनाराने टोचावा, असं आपण म्हणतोच. त्याला आता जोड द्या, की गाठ मात्र डॉक्टरांकडेच न्यावी.