तोंड येते, पोरगे का येत नाही?

गेल्या नाताळात निपाणीजवळच्या एका खेड्यात आम्ही घरभेटीस गेलो होतो. आजीबाई मोबाइलवर कुवेतमधील नातवाशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी करंज्यांची बशी पडद्यापुढे धरली आणि आम्हांस विचारले, "फादर, पोराचं तोंड येतंय, आवाज येतोय, मग पोरगंच का येत न्हाई वो?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. तीत माणूस चौथऱ्यावर उभा राहतो, क्षणात विरून जातो आणि दूरच्या ग्रहावर जसाच्या तसा प्रकट होतो. संगणकांचे जाळेही निरोपाचे काहीसे असेच करते. निरोपाची लहान लहान पुडकी करावयाची, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक घालावयाचा आणि मिळेल त्या वाटेने ती सोडावयाची. पलीकडील संगणक ती क्रमाने जुळवितो. एखादे हरवलेच तर पुन्हा मागवितो.

आता नातू असा निघाला तर? पाय गोव्यावरून येणार, डोके मुंबईवरून. आणि "उजवा कान पोहोचला नाही, पुन्हा धाडा" असा निरोप कुवेतला जाणार! २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डकडे या जाळ्याच्या पूर्वजावरून 'लॉगिन' हा शब्द निघाला. त्याच्या पाच इंग्रजी अक्षरांपैकी दोनच पोहोचली आणि यंत्र बंद पडले. शब्दाऐवजी माणूस असता, तर बिचारा गुडघ्यांपर्यंतच उतरला असता.

दुसरी अडचण याहून मोठी. जाळे अस्सल नेत नाही, नक्कल नेते. अस्सल जागीच राहते. म्हणजे नातू निपाणीतही आणि कुवेतमध्येही! पगार कोणी घ्यावा? आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एका नावापुढे दोन माणसे आम्ही कशी लिहावीत?

आदल्या वर्षी याच आजीबाईंचे यजमान वारले, तेव्हा नातवाने दफनविधी मोबाइलवरच पाहिला. आजीबाईंनी कबरीत दोन मुठी माती टाकली. "ही माजी, ही त्येची," त्या म्हणाल्या. ती एक मूठ पोहोचविणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

कुवेत दूर आहे, विमानाचे भाडे जड आहे, हे आम्ही जाणतो. परंतु बेळगाव ते निपाणी अंतर सुमारे ७५ किलोमीटर. बेळगावात नोकरीस असलेल्या मुलांनी तरी केवळ तोंड पाठवून भागवू नये. बसमध्ये बसावे. तीतून माणूस सर्व अवयवांसह आणि योग्य क्रमाने उतरतो.