घाट, टर्बो आणि इंजिन ऑइल

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरांत गाडीला पाचशे मीटरांहून अधिक उंच नेतो. पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं तर चाळीसेक किलोमीटरांत जवळजवळ तेराशे मीटरांची चढण आहे. कुंभार्ली, खंबाटकी, केळघर, यवतेश्वर ही नावं सातारकरांच्या रोजच्या बोलण्यातली. त्याच जिल्ह्यातलं माण-खटाव आणि शेजारच्या सांगलीतले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके कोरडे आणि धुळीचे. या दोन टोकांच्या मधोमध कृष्णाकाठचा उसाचा पट्टा. तिथे गाडी घरातून शेतावर, शेतावरून कारखान्यावर, तिथून बाजारात अशा दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्या करते आणि दिवसातून आठ-दहा वेळा चालू-बंद होते. चढ, धूळ आणि छोट्या फेऱ्या या तिन्ही गोष्टी इंजिन ऑइलची परीक्षा पाहतात, आणि या दोन जिल्ह्यांत त्या एकत्र नांदतात. इथल्या रस्त्यांवरची इंजिनं गेल्या काही वर्षांत बदलली, पण ऑइल निवडण्याची पद्धत बरीचशी जुनीच राहिली. माझं म्हणणं एवढंच आहे की टर्बो गाडीचं ऑइल ब्रँडवरून, किमतीवरून किंवा जाडीवरून निवडू नये. कोणतं घालायचं ते गाडीच्या मॅन्युअलमधला ग्रेड आणि मानक सांगतात, आणि किती दिवसांनी बदलायचं ते आपला रस्ता सांगतो.

टर्बोचार्जर ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, म्हणजे लहान इंजिनातूनही मोठ्या इंजिनाची ताकद मिळते. आपल्या भागाला इंजिनं परकी नाहीत. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने सांगली जिल्ह्याला यंत्रांची सवय लावली, आणि आज सातारा जिल्ह्यातल्या फलटणला कमिन्सच्या प्रकल्पात ट्रकची टर्बो डिझेल इंजिनं तयार होतात. मोटारींत टर्बो आधी डिझेलबरोबर घरोघरी पोचला. २००७ मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टमधलं फियाटचं १.३ लिटरचं इंजिन पुढे इतक्या गाड्यांत बसलं की जाणकार त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिनच म्हणू लागले. मग पेट्रोलची पाळी आली. २०१७ ची नेक्सॉन, २०१९ ची व्हेन्यू, त्यानंतरची फ्रॉन्क्स अशा गाड्यांमधून एक-सव्वा लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली.

या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो, आणि काही लहान टर्बोंमध्ये त्याहूनही वेगाने. तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे धातूला धातू लागू न देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा थर. दांड्याच्या एका टोकाला पेट्रोल गाडीत ९०० अंशांच्याही पुढे जाऊ शकणारा धूर असतो. म्हणजे ऑइलला एकाच वेळी वंगण घालायचं असतं आणि उष्णताही वाहून न्यायची असते. हलक्या दर्जाचं किंवा थकलेलं ऑइल एवढ्या उष्णतेत करपतं, त्याचा कोळसा बारीक वाटांत साचतो आणि बेअरिंगला ऑइल मिळेनासं होतं. घाटात हा ताण आणखी वाढतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. साधं इंजिन तिथे दमतं. टर्बोचं इंजिन दमत नाही, कारण कमी पडलेली हवा भरून काढण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो. चालकाला गाडी पूर्वीसारखीच ओढते असं वाटतं, पण त्याची किंमत दांडा, बेअरिंग आणि ऑइल मोजत असतात.

आता डब्यावरचे आकडे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. इथे पहिला आक्षेप येतो: आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू कशाला? प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात थंडी म्हणजे बर्फ असं गृहीत धरलेलं आहे. इंजिनाच्या लेखी थंड म्हणजे तापलेलं नसलेलं. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, ते १०० अंशांपेक्षा जवळजवळ सातपट असतं. डिसेंबरच्या पहाटे ते त्याहूनही कितीतरी घट्ट होतं. गाडी चालू केल्यावर पंप ऑइल खालून वर ढकलतो. टर्बो त्या वाटेच्या दूरच्या टोकाला असतो, आणि तिथे ऑइल पोचेपर्यंतची प्रत्येक घडी झिजेची असते. म्हणून पहिला लहान आकडा साताऱ्यातही उपयोगाचा आहे. त्याचा फायदा रोज सकाळी मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक घट्ट रुजलेला आहे: ऑइल जाड असेल तेवढं इंजिन सुरक्षित. यात सत्याचा अंश आहे, म्हणून तो सहज टाकून देता येत नाही. तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर टिकतो की नाही हे १५० अंशांना, जोराच्या घर्षणाखाली मोजतात. त्या मोजमापाला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडच्या ऑइलला त्यात किमान २.६, ३० ग्रेडला २.९ आणि ५डब्ल्यू-४० सारख्या ऑइलला ३.५ असा आकडा गाठावा लागतो. म्हणजे भरल्या गाडीने घाट चढताना ४० ग्रेडचा थर खरोखरच अधिक मजबूत असतो. पण याचा अर्थ कोणत्याही गाडीत ४० ओतावं असा होत नाही. ज्या इंजिनातल्या फटी, पंप आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा पातळ ऑइल धरून आखलेली आहे, त्यात जाड ऑइल उशिरा पोचतं, कमी फिरतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. यातून मार्ग मॅन्युअलच दाखवतं. काही मॅन्युअलांत हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड मान्य केलेले असतात. अशा गाडीला घाटात सतत ओझं वाहावं लागत असेल तर मान्य यादीतला जाडसर ग्रेड निवडणं शहाणपणाचं. यादीत एकच ग्रेड असेल तर तोच घालावा. निवड यादीच्या आत करायची, बाहेर नाही.

ग्रेड फक्त ऑइलचा पातळपणा सांगतो, ऑइलमध्ये काय मिसळलंय ते मानक सांगतं. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असूनही ते पूर्णपणे वेगळे असू शकतात. पेट्रोलसाठी अमेरिकेच्या एपीआय संस्थेची मानकं क्रमाने पुढे सरकत आली: २०१० चं एसएन, २०१८ चं एसएन प्लस, २०२० चं एसपी आणि २०२५ चं एसक्यू. यातला एसएन प्लसचा टप्पा खास टर्बो पेट्रोल गाड्यांमुळे आला. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनावर कमी फेऱ्यांत मोठा भार पडला, तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि तो धक्का पिस्टन फोडण्याइतका जबर असू शकतो. संशोधनात दिसलं की ऑइलमधल्या कॅल्शियमच्या क्षारांमुळे हा धोका वाढतो. म्हणून नव्या ऑइलांत ते कमी करून मॅग्नेशियमचा वापर वाढवला. चढावर खालचा गिअर न टाकता चौथ्यातच गाडी रेटत नेण्याची सवय म्हणजे नेमकी हीच स्थिती. तेव्हा पसरणी चढणाऱ्या थेट फवारणीच्या टर्बो पेट्रोल गाडीत किमान एसएन प्लस, शक्यतो एसपी किंवा त्यापुढचं ऑइल असावं आणि चालकाने वेळेवर गिअर उतरवावा. एसपी मानकात टायमिंग चेनची झीज तपासणारी चाचणीही आहे, हा आणखी एक लाभ.

डिझेलची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी आली. गाळणीतली काजळी गाडी स्वतःच ठरावीक काळाने जाळते. पण ऑइल जळून उरलेली राख जळत नाही, ती गाळणीत कायमची साचते. म्हणून युरोपच्या एसीईए संस्थेच्या सी२, सी३ या मानकांत राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं आहे. जुन्या ए३/बी४ ऑइलांत ते १ ते १.६ टक्के असतं. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रकसाठी आणलेल्या बॅरलमधलं ऑइल घरच्या बीएस-६ डिझेल गाडीत टाकण्याचा मोह म्हणूनच महाग पडतो. ते ऑइल त्याच्या जागी वाईट नाही, ट्रकसाठी ते बनवलेलंच आहे. फक्त ती जागा या गाडीत नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. डिझेल गाडीतलं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. ते काजळी स्वतःत धरून ठेवतंय, एवढाच त्याचा अर्थ. केवळ रंगावरून ऑइल खराब झालं असं ठरवू नये.

तिसरा आक्षेप बदलाच्या मुदतीबद्दल आहे. कंपनीने दहा किंवा पंधरा हजार किलोमीटर सांगितले असताना आधी का बदलायचं? उत्तर त्याच मॅन्युअलमध्ये, पुढच्या पानांवर असतं. खडतर वापर या मथळ्याखाली बहुतेक कंपन्या धूळ, डोंगराळ रस्ता, ओझं आणि छोट्या फेऱ्या यांची नावं घेतात आणि मुदत कमी करायला सांगतात. माण-खटावची धूळ एअर फिल्टर चुकवून आत गेली तर ती ऑइलमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं, आणि त्यातला काही वाटा आपल्याच साखर कारखान्यांचा आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणून इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं. रोज दोन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत ते पाण्यासकट रेंगाळतं. बीएस-६ डिझेलमध्ये गाळणी जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी उलट वाढलेली दिसते. अशी वाढ चांगली नाही, तो ऑइल पातळ झाल्याचा इशारा आहे. म्हणून इथल्या बहुतेक गाड्यांना खडतर वापराची मुदतच लागू आहे असं मी मानतो. किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, आणि आठवड्याने पंधरवड्याने एकदा गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर पळवावी.

राहिला खर्चाचा आक्षेप. सिंथेटिक ऑइल साध्या मिनरल ऑइलपेक्षा महाग आहे, हे खरं. पण ते उष्णतेत कमी करपतं, आणि टर्बोसाठी हाच निर्णायक गुण. लहान टर्बो इंजिनात ऑइल मावतं तीन-साडेतीन ते पाच लिटर, आणि वर्षाच्या बदलातला फरक टर्बोच्या किमतीपुढे नगण्य ठरतो. महागडा ब्रँड हीही हमी नव्हे. योग्य मानकाचं मध्यम किमतीचं ऑइल चुकीच्या मानकाच्या नामांकित ऑइलपेक्षा सरस आहे. डब्यावर गाडीच्या कंपनीची मान्यता असल्याचं लिहिलंय की नुसतं मानकाच्या तोडीचं असल्याचा दावा आहे, हे वाचावं. मान्यता तपासून दिलेली असते, दावा बनवणाऱ्याचा असतो. नकली ऑइलपासून वाचायचं तर सीलबंद डबा पक्क्या बिलावर घ्यावा, तो समोर फोडायला लावावा आणि रिकामा डबा निकामी करून टाकावा.

घाट चढून माथ्यावर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नये. अनेक नव्या टर्बोंना पाण्याचंही शीतकरण असतं, त्यामुळे रोजच्या सपाट रस्त्यावर थांबण्याची गरज नाही. पण भरल्या गाडीने आंबेनळी चढल्यावर एखादं मिनिट इंजिन चालू ठेवलं तर फिरतं ऑइल टर्बोची उष्णता उतरवतं, नाहीतर ते तिथेच थांबून करपतं. उत्तम ऑइलही या एका मिनिटाची जागा घेऊ शकत नाही.

या दिवाळीत पाहुण्यांना घेऊन पाचगणी-महाबळेश्वर किंवा कासला निघण्याआधी गाडीतलं मॅन्युअल काढा आणि ऑइलच्या पानावरचा ग्रेड, मानक आणि लिटरचा आकडा एका कागदावर उतरवून घ्या. सर्व्हिसिंगच्या वेळी तो कागद फिटरच्या हातात द्या आणि डब्यावर तेच लिहिलंय हे स्वतः पाहा. सपाट जागी डिपस्टिक ओढून पातळी तपासा. या कामाला पंधरा मिनिटं लागतात, आणि घाटातला टर्बो वाचवायला बहुधा तेवढी पुरतात.